करवून घेणारा

नट दिसतो. दिग्दर्शकाचं नाव पडद्यावर येतं. लेखकाला निदान शिव्या तरी मिळतात. पण हे सगळं लोकांपुढे यावं की येऊ नये, आणि यायचं तर कुठल्या वारी, किती वाजता, हे ठरवणाऱ्या माणसाची समीक्षा सहसा कुणी करत नाही. आम्हा जैनांत कर्म तीन तऱ्हेनं घडतं असं मानतात: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि कुणी करत असताना त्याला दिलेलं अनुमोदन. कृत, कारित, अनुमोदित. बंध तिन्हींचा पडतो. मायकल ग्रेड या ब्रिटिश गृहस्थाची कारकीर्द तपासताना मला हीच कसोटी सोयीची वाटली. कारण साठ वर्षांच्या त्याच्या कामात 'कृत' म्हणावं असं फारच थोडं आहे. तरुणपणी 'डेली मिरर'मध्ये खेळांवर लिहिलं, 1999 मध्ये आत्मचरित्र लिहिलं. बाकी सगळं करवलेलं नाहीतर मान्य केलेलं.

घराणंच तसं होतं. 1912 साली युक्रेनमधून लंडनच्या ईस्ट एंडमध्ये आलेलं विनोग्राडस्की हे ज्यू कुटुंब. त्यातले तीन भाऊ पुढे इंग्लंडच्या करमणुकीच्या धंद्यावर राज्य करू लागले. लू ग्रेड चार्लस्टन नाचात अजिंक्य ठरला आणि पुढे टेलिव्हिजनचा सम्राट झाला. बर्नार्ड डेलफॉण्टनं थिएटरं चालवली. तिसरा लेस्ली, कलावंतांचा एजंट, तो मायकलचा बाप. आई लहानपणीच घर सोडून गेली, मुलाला आजीनं वाढवलं. 1966 मध्ये वडिलांना झटका आला आणि वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मुलगा घरच्या धंद्यात शिरला.

या धंद्याचं मूळ व्हरायटीच्या खेळात. तिथे गायक, जादूगार, विदूषक एकामागून एक येतात, आणि कुणाला कुणानंतर आणायचं यावर सगळी रात्र तरते किंवा बुडते. ग्रेडची खरी कला ही. तो स्वयंपाकी नव्हता, वाढपी होता. आणि चांगला वाढपी म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी पंगती उठल्या त्यांनाच कळेल. 1984 मध्ये तो बीबीसी वनचा प्रमुख झाला. पुढच्याच वर्षी 'ईस्टएंडर्स' ही मालिका सुरू झाली. सातच्या वेळेला ती समोरच्या वाहिनीवरच्या 'एमरडेल फार्म'शी टक्कर घेत होती. यानं ती अर्ध्या तासानं पुढे सरकवली. मालिकेत काहीही बदललं नाही, फक्त वेळ बदलली, आणि बघणाऱ्यांची संख्या वाढत गेली. 'नेबर्स' या ऑस्ट्रेलियन मालिकेची गोष्ट तर मला फार आवडते. ती दुपारी लागायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाखवायचे. शाळेतल्या मुली ती चोरून बघतात, हे त्याच्या लेकीनं त्याला घरी सांगितलं. मग तिचा दुसरा खेळ शाळा सुटल्यानंतर, संध्याकाळी 5.35 ला नेला. देश वेडा झाला. अशा गोष्टी बाजारपाहणीत सापडत नाहीत. त्या जेवताना, घरच्या माणसाचं बोलणं ऐकलं तरच सापडतात.

पण वाढप्याच्या हातात न वाढण्याचाही अधिकार असतो. 'डॉक्टर हू' त्याला आवडत नव्हतं आणि त्यानं ते कधी लपवलं नाही. 1985 मध्ये दीड वर्षासाठी ती मालिका थांबवली गेली. परत आल्यानंतर मुख्य नट कॉलिन बेकरला घरी बसवण्यात आलं. त्याचे चाहते आजही ग्रेडचं नाव काढलं की दात खातात. मला यात मोठा अन्याय वाटत नाही. ज्याला अनुमोदन द्यायचं नाही त्यानं नाही म्हणावं, हे सरळ आहे. गंमत एवढीच की 2005 मध्ये मालिका थाटामाटात परतली तेव्हा बीबीसीचा अध्यक्ष हाच होता.

खरा मोठेपणा दिसतो तो डेनिस पॉटरच्या बाबतीत. 1986 मधली 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह' ही सोरायसिसनं कातडी सोलवटलेल्या लेखकाची मालिका आजही टेलिव्हिजनवरच्या उत्तम कामांत मोजली जाते. त्यातल्या रानातल्या शरीरसंबंधाच्या प्रसंगावर ओरड होणार हे उघड होतं, आणि झाली. ग्रेडनं कात्री लावू दिली नाही. पुढे 1994 मध्ये मरणाच्या दारात असलेल्या पॉटरनं चॅनल फोरवरच्या मुलाखतीत शेवटची इच्छा सांगितली: माझी उरलेली दोन नाटकं बीबीसी आणि चॅनल फोरनं मिळून करावीत. ग्रेड तेव्हा चॅनल फोरचा मुख्याधिकारी होता. दोन्ही प्रतिस्पर्धी वाहिन्यांनी 1996 मध्ये ती खरोखर मिळून केली. 'हो' म्हणायला इथे फारशी कल्पकता लागत नव्हती, दानत लागत होती.

चॅनल फोरची 1988 ते 1997 ही वर्षं त्याच्या नावावर जमा धरतात. 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल', 'ट्रेनस्पॉटिंग', 'फादर टेड'. 'डेली मेल'मध्ये एका लेखकानं त्याला अश्लीलतेचा सरदार ठरवलं. दुसऱ्या बाजूनं 'ब्रास आय'मध्ये ढवळाढवळ केली म्हणून क्रिस मॉरिसनं एका फ्रेमपुरती त्याला शिवी घातली. दोन्हीकडून मार खाणारा माणूस मधोमध उभा असावा, असा आपला समज होतो. पण याच काळातली एक गोष्ट त्याच्या चाहत्यांच्या यादीत क्वचित दिसते, आणि आम्हा ग्वाल्हेरकरांना ती टाळता येत नाही: 'बँडिट क्वीन'.

या चित्रपटाला पैसा चॅनल फोरचा. तो तिथे आणला फारुख धोंडी यांनी. हे जन्मानं पुण्याचे, आणि त्या वाहिनीवर बहुसांस्कृतिक कार्यक्रमांचे संपादक होते. फुलनदेवीनं 1983 मध्ये भिंडला शस्त्रं खाली ठेवली आणि ती अकरा वर्षं खटल्याविना तुरुंगात राहिली, त्यातली बरीचशी आमच्या ग्वाल्हेरच्या. चंबळच्या या भागात तिच्याबद्दल प्रत्येक घराचं एक मत होतं. आमच्या बायकांत तर दोन-दोन. ती 1994 मध्ये सुटून बाहेर आली, त्याच वर्षी तिच्यावरचा चित्रपट कानला दाखवला गेला, आणि तिला तो कुणी दाखवलाच नव्हता. तिच्यावरचा अत्याचार जगभर पडद्यावर जाणार होता आणि तिला विचारण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. अरुंधती रॉय यांनी तेव्हा यावर कडक लिहिलं. फुलन कोर्टात गेली. शेवटी वाहिनीनं तिला पैसे देऊन प्रकरण मिटवलं.

चित्रपट वाईट आहे असं मी म्हणत नाही. सीमा विश्वासचं काम विसरता येत नाही. आणि ग्रेडनं हा चित्रपट स्वतः मांडला असंही नव्हे. तो वरच्या खुर्चीत होता इतकंच. पण माझा मुद्दा तिथेच आहे. कलावंताच्या स्वातंत्र्यासाठी तो आयुष्यभर भांडला, आणि ते भांडण खरं होतं. पॉटरनं स्वतःची कातडी दाखवली होती, फुलनची कातडी दुसऱ्यांनी दाखवली. करवणाऱ्याच्या हिशेबात या दोन्ही गोष्टी एकाच खात्यावर, 'धाडस' या नावाखाली जमा झाल्या. आमच्या हिशेबात त्या वेगळ्या खात्यांत पडतात.

पुढचं भराभर सांगते. डेलफॉण्टनं उभ्या केलेल्या फर्स्ट लेझर कंपनीचा कारभार, पाइनवुड स्टुडिओ, 2004 मध्ये बीबीसीचं अध्यक्षपद, 2006 अखेरीस ते तडकाफडकी सोडून आयटीव्ही. मग 2011 मध्ये हुजूर पक्षाकडून लॉर्डांच्या सभागृहात. या खुर्च्यांत तो मला सामान्यच वाटतो. पंगत नसली की वाढप्याला काम नसतं.

नाटक त्यानं खरं उशिरा हाती घेतलं, मायकल लिनिट या जोडीदाराबरोबर. 2017 मध्ये दोघांनी ड्रुरी लेनच्या थिएटर रॉयलमध्ये '42 स्ट्रीट' हे संगीत नाटक उभं केलं. पन्नासाच्या वर नट-नर्तक. जिन्यावरून उतरणारी पायांची रांग डोळे दिपवते. 2019 च्या जानेवारीपर्यंत ते चाललं. पण हेच नाटक याच थिएटरात 1984 मध्येही आलं होतं, आणि मुळात गोष्ट 1933 च्या चित्रपटाची. नाटकात वेळ सरकवून यश मिळत नाही, रोज रात्री त्याच वेळी तोच पडदा वर जातो. तिथे निवड हेच सगळं. आणि स्वतःच्या नावावर निवडायची वेळ आली तेव्हा पॉटर घडू देणाऱ्या या माणसानं सगळ्यांत सुरक्षित नाटक निवडलं. लोक खूश होऊन घरी गेले. त्यात वाईट काही नाही.

2022 मध्ये त्याला ऑफकॉमचा अध्यक्ष नेमलं. आपल्यावर कार्यक्रम केला, पण आपल्याशी न्यायानं वागले नाहीत, अशी तक्रार ब्रिटनमध्ये कुणाला करायची असेल तर ती याच कचेरीत करावी लागते.