भृंगीकीटन्याय : दृष्टांत की कविसमय?
(परोपजीवी गांधीलमाशीच्या जीवाश्मांच्या प्रकाशात एक पुनर्विचार)

संतसाहित्याच्या अध्यापनात जे न्याय वारंवार समजावून सांगावे लागतात, त्यांत भृंगीकीटन्यायाचे स्थान वरचे आहे. भृंगी अळीला धरून आणते, भिंतीवरील मातीच्या घरात कोंडते आणि भयाने तिचेच ध्यान करता करता ती अळी भृंगी होऊन बाहेर पडते, असा हा न्याय. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंपैकी हा अखेरचा गुरू होय. स्नेहाने, द्वेषाने अथवा भयाने मन जेथे एकाग्र होते तद्रूपता जीवाला लाभते, हा सिद्धांत तेथे या कीटकाच्या आधारे मांडला आहे. एकनाथांनी याच स्कंधावरील आपली टीका शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये वाराणसीत पूर्ण केली. मराठी वाचकाला हा न्याय परिचित आहे तो मुख्यतः तिच्यामुळे व कीर्तन-प्रवचनांमुळे.

या न्यायाचे आज दोन प्रकारांनी वाचन होते. एका वर्गाला त्यात पूर्वजांचे कीटकशास्त्र दिसते. दुसरा वर्ग ती अडाणी समजूत म्हणून बाजूस सारतो. दोन्ही वर्गांत अळीकडे मात्र कोणी पाहत नाही!

पाचगणीसारख्या ठिकाणी ते पाहणे अवघड नाही. पाऊस ओसरला की जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत, खिडक्यांच्या चौकटींत कुंभारीण तांबड्या मातीचे लहान लहान घट रचू लागते. असा एखादा घट हलक्या हाताने उघडला, तर आत हिरव्या अळ्या दाटीने भरलेल्या आढळतात. त्या मेलेल्या नसतात, पण हालचालही करीत नाहीत. ही निश्चलता हेच त्यांचे ‘ध्यान’. वस्तुतः तो नांगीतील विषाचा परिणाम असतो. त्याच घटात कुंभारणीचे स्वतःचे एक अंडे असते. त्यातून निघालेले पिलू या ताज्या अन्नावर वाढते आणि यथाकाल पंख घेऊन बाहेर येते. गांधीलमाश्यांच्या अन्य कित्येक कुळांत घर बांधण्याचाही खटाटोप नसतो. मादी जिवंत अळीच्या किंवा कोशाच्या आतच अंडे घालते. दोन्ही प्रकारांत पाहणाऱ्याला दिसते ते एकच : आत गेली अळी, बाहेर आली गांधीलमाशी. न्यायाच्या मुळाशी असलेले निरीक्षण खोटे नव्हते. ते अर्धे होते.

हा अर्धेपणा केवळ आपलाच नाही. चीनमध्ये शिजिंग या प्राचीन काव्यसंग्रहातील एका उल्लेखावरून अशी समजूत रूढ झाली की, गांधीलमाशी परक्या अळीला आपले अपत्य म्हणून वाढवते. दत्तक पुत्राला त्या अळीचेच नाव मिळाले. पुढे ताओ होंगजिंग (इ. स. ४५६–५३६) या वैद्यकशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष घरटी तपासून सांगितले की, माशी स्वतःची अंडी घालते आणि अळ्या हे पिलांचे खाद्य असते. समजूत तरीही टिकली. नाव तर भाषेत राहिलेच.

येथे जीवाश्मांचा पुरावा विचारात घेणे अगत्याचे ठरते. कारण ‘आत कोण होते?’ हा न्यायाचाच प्रश्न त्यांनी दगडातून सोडवला आहे. पाचगणीचा दगड मात्र याबाबत मुका आहे. टेबललँडचा माथा जांभ्याचा, म्हणजे झिजून कुजलेल्या बेसाल्टचा; त्याखाली सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास थिजलेल्या लाव्ह्याचे थर. दख्खनच्या या थरांपैकी पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर ही नावे धारण करणाऱ्या शैलसमूहांना भूवैज्ञानिकांनी पायथ्याच्या वाईवरून ‘वाई उपगट’ असे नाव दिले आहे. तप्त लाव्ह्यात माशीचा पंख उरण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय. दोन उद्रेकांमधील शांत काळात साचलेल्या तळ्यांच्या गाळात मात्र जीवसृष्टी टिकली. मुंबईच्या मलबार हिल परिसरातील बेडूक तेथलेच. नागपूरजवळच्या टाकळीतील कीटकांचे अवशेष रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्या संशोधनातून पुढे आले आणि अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पण ते भुंगेऱ्यांचे, कारण त्यांची पंखकवचे टणक असतात. गांधीलमाशीसारखा नाजूक जीव टिकायला राळ बरी. सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीतील राळेत पाच कोटी वर्षांहून जुने कीटक अखंड सापडले. २०१० मध्ये जेस रुस्ट, हुकम सिंग, राजेंद्र राणा, डेव्हिड ग्रिमाल्डी व सहकाऱ्यांनी त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला.

तथापि राळेत अडकलेली माशी परोपजीवी होती, हे बहुधा तिच्या शरीररचनेवरून ठरवावे लागते. कझाकस्तानातील कारातौच्या ज्युरासिक खडकांत लांब अंडनलिकेच्या गांधीलमाश्या मिळतात. त्यांवरून परोपजीवनाचे अनुमान निघते. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर ते प्रत्यक्ष नव्हे. प्रत्यक्षाच्या जवळ जाणारा पुरावा फ्रान्समधील केर्सी प्रदेशातून आला. तेथील फॉस्फेटच्या निक्षेपांत माश्यांचे कोश दगड होऊन पडले होते. वय ३ कोटी ४० लाख ते ४ कोटी वर्षे. बाझेलचे एडुआर्ड हांडशिन यांनी १९४४ मध्ये त्यांचा अभ्यास मांडला होता. २०१८ मध्ये थॉमस व्हान डे काम्प व सहकाऱ्यांनी असे १५१० कोश न फोडता सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी तपासले. त्यांपैकी ५५ कोशांत गांधीलमाशी आढळली, तीही चार जातींची. काही तर पूर्ण वाढलेल्या, पंख मिटून बाहेर पडण्याच्या बेतात असलेल्या. सर्वाधिक आढळलेल्या जातीचे नाव त्यांनी झेनोमॉर्फिया रेझरेक्टा असे ठेवले, एका इंग्रजी चित्रपटातील परग्रहावरच्या प्राण्यावरून. शास्त्रज्ञालाही येथे कथेचाच आधार घ्यावासा वाटला, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला सुखावणारी आहे.

भागवतातील वचनाप्रमाणे कीटक आपला पूर्वदेह न टाकताच भृंगीचे रूप पावतो. केर्सीचे कोश नेमके याच्या उलट साक्ष देतात. कवच एक, परंतु देह दोन. आणि दुसरा वाढला तो पहिल्याला खाऊन. येथे तद्रूपता नाही, भक्षण आहे.

मग या न्यायाचे करावे काय? न्यायसूत्रकार गौतमाने दृष्टांताची अट स्पष्ट सांगितली आहे : ज्या गोष्टीविषयी सामान्य जन व परीक्षक या दोघांची बुद्धी समान असते, तो दृष्टांत. एकनाथांच्या काळी ही अट पुरी होत होती असे मानावयास हरकत नाही. म्हणून त्यांच्याकडे दोष जात नाही. आज परीक्षकाने संमती काढून घेतली आहे. सामान्य जनांचेही तेच. पसरणीचा घाट उतरून कृष्णाकाठच्या उसात आले की ‘ट्रायकोकार्ड’ दिसते. कीड लागलेल्या उसाच्या पानांना शेतकरी पतंगांची अंडी चिकटवलेली ही पट्टी बांधतो. त्या अंड्यांतून पतंग निघत नाहीत. ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी निघते आणि उसावरील किडीची अंडी शोधू लागते. अंड्याने माशीचे ध्यान केले, असे तो शेतकरी म्हणणार नाही. अर्थात गौतमाच्याच कसोटीनुसार भृंगीकीट हा आता दृष्टांत राहत नाही.

त्याची योग्य जागा कविसमयात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. राजशेखराने काव्यमीमांसेत शास्त्राला व लोकव्यवहाराला धरून नसलेल्या, परंतु परंपरेने चालत आलेल्या अर्थाला कविसमय म्हटले आहे. चंद्रकिरण पिणारा चकोर आपण खोटा म्हणून वगळत नाही, आणि त्याच्यावरून पक्षीशास्त्रही शिकत नाही. भृंगीचे तसेच व्हावे. यात नुकसान काहीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. चकोर अलंकार होता. भृंगी ही सिद्धांताची साक्षीदार होती. ती साक्ष गेल्यावर तद्रूपतेचा सिद्धांत साधकाच्या अनुभवावर उभा करावा लागेल, आणि अध्यापकाने तसे वर्गात सांगितले पाहिजे.

एक किरकोळ वाटणारी दुरुस्ती त्याबरोबरच व्हावी. या न्यायाला भ्रमरकीटन्याय असेही म्हणतात, आणि त्यामुळे ‘भृंगी म्हणजे भुंगा’ अशी टीप सहज दिली जाते. लाकूड पोखरणारा काळा भुंगा आपल्या पिलांना पराग व मध देतो. तो अळी आणीत नाही, मातीचे घरही बांधत नाही. भागवतातला मूळ शब्द ‘पेशस्कृत्’ असा आहे, म्हणजे रूप घडविणारा. त्याला मराठीत ‘कुंभारीण’ हाच शब्द अर्थानेही जुळतो आणि कीटक म्हणूनही.