पाहुण्या हातांचं मोल

ओपन सोर्सवरचं लेखन बहुधा दोन प्रकारचं असतं: भक्तिभावानं लिहिलेलं किंवा मॅनेजरसाठी लिहिलेलं. नादिया एघबाल यांचं ‘वर्किंग इन पब्लिक’ (२०२०) यांपैकी कशातच बसत नाही, म्हणून ते वाचायला हवं. त्यांचा मुद्दा सरळ आहे. कोड कितीही जणांना फुकट वाटता येतो. तो सांभाळणाऱ्या मेंटेनरचं लक्ष मात्र मोजकंच असतं. आलेला प्रत्येक पॅच कुणाला तरी वाचावा लागतो, तपासावा लागतो आणि पाठवणारा निघून गेला तरी सांभाळत बसावं लागतं. म्हणून कधीकधी मदतीचंच ओझं होतं.

हे पटतं. २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्समध्ये चोरदरवाजा सापडला. तो बसवणाऱ्यानं आधी दोनेक वर्षं इमानानं पॅच पाठवून थकलेल्या मेंटेनरचा विश्वास कमावला होता.

अडचण अशी, की पुस्तक यजमानाच्या खुर्चीतून लिहिलंय. तिथून पाहुणे नुसती गर्दी दिसतात. मी त्या गर्दीतला. माझं गाव नवापूर तालुक्यातलं चिंचपाडा. तिथे बाजारात मावची ऐकू येते, शाळेत मराठी. भाषा बदलली की वाक्याची घडण बदलते, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

इंग्रजी कोडला ‘डिलिटेड’ हा एकच शब्द पुरतो. मराठीत फाइल हटवली जाते, फोल्डर हटवला जातो, चित्र हटवलं जातं. कोडनं नाव आणि क्रियापद वेगवेगळे तुकडे म्हणून जोडले, तर भाषांतर करणाऱ्याचे हात बांधले जातात. एका प्रकल्पाला मी ही दुरुस्ती पाठवली. सहा महिने उत्तर नाही. मग एका बॉटनं ‘हालचाल नाही’ म्हणून ती बंद केली. मेंटेनरवर माझा राग नाही, तेवढं एघबाल यांनी शिकवलंय. पण ही चूक मराठी वाचणाऱ्यालाच दिसणार होती, आणि असा माणूस बहुतेक एकदाच येतो. कोण किती टिकून राहतो यावर योगदान मोजलं, की त्याची नजर हिशेबातून सुटते.

दार लोटून घेण्यापलीकडेही उपाय आहे. मोझिलाच्या ‘फ्लुएंट’मध्ये लिंग-वचनासारख्या गोष्टी भाषांतरकार आपल्या भाषेच्या फाइलमध्येच सोडवू शकतो; मूळ इंग्रजी मजकुराला हात लावावा लागत नाही. पाहुण्याचं काम होतं आणि यजमानाचं लक्षही फारसं खर्ची पडत नाही. लक्ष कसं वाचवायचं हे एघबाल नेमकं सांगतात. पण लक्ष किती लागेल हे कोडच्या रचनेवरही ठरतं, हा धागा त्यांनी आणखी ताणायला हवा होता.

उद्या एखादं ॲप मावचीत आणायचं झालं, तर पहिला पॅच पाठवणाऱ्याला तिथे कुणीच ओळखत नसेल. बॉटच्या आधी कुणा माणसानं तो वाचावा, एवढंच.