पानाआडचा राक्षस

राक्षस काढणं सोपं आहे. वाटोळं पोट, दोन सुळे, एक डोळा आणि अंगभर जांभळी लव. पुस्तकांच्या दुकानातल्या बालविभागात असे डझनभर राक्षस फळीवर बसलेले सापडतील. पोरं त्यांना घाबरत नाहीत, पण हसतही नाहीत. चित्रकाराने राक्षस गोंडस केला की तो विनोदी होतो, या समजुतीचा हा परिणाम. प्रत्यक्षात बावळट राक्षस चेहऱ्यात नसतो, तो पान उलटण्यात असतो.

याचा सर्वांत उघड पुरावा म्हणजे 1971 सालचं ‘द मॉन्स्टर ॲट द एंड ऑफ धिस बुक’. लेखक जॉन स्टोन, चित्रं मायकेल स्मॉलिन यांची. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही मालिकेतल्या निळ्या बाहुल्याला, ग्रोव्हरला, कळतं की पुस्तकाच्या शेवटी राक्षस आहे. मग तो वाचणाऱ्याला पान उलटू नकोस म्हणून विनवतो, दोरखंड बांधतो, फळ्या ठोकतो, विटांची भिंत रचतो. शेवटी राक्षस निघतो तो स्वतःच. चार वर्षांच्या मुलापुढे हे वाचून बघा. पानाचा कोपरा चिमटीत धरून ते तुमच्याकडे बघतं, तुमची गयावया पुरती होऊ देतं आणि मग भिंत पाडतं. राक्षस हवालदिल आणि सगळी सत्ता त्या चिमटीत! वाचणाऱ्याने मात्र गयावया मनापासून करायला हवी, सपाट आवाजात हे पुस्तक मरतं.

मॉरिस सेंडाक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ (1963) याहून खोल जातं. त्यांना आधी रानघोडे काढायचे होते, पण घोडा हाताला जमेना. मग त्यांनी काढले ते ब्रुकलिनमधल्या घरी जेवायला येणारे आपले नातेवाईक: पिवळे दात, नाकातले केस, गालगुच्चे घेणारे आणि ‘तुला खाऊनच टाकते’ म्हणणारे. हे राक्षस इतके ओळखीचे का वाटतात, ते इथे कळतं. पण कसब आहे ते पानांच्या मांडणीत. सुरुवातीला चित्र छोटं असतं, भोवती पांढरी कोरी जागा. गोष्टीतल्या मुलाचा, मॅक्सचा, दंगा आणि त्याच्या खोलीत उगवलेलं रान वाढतं तसं चित्रही वाढत जातं, आणि राक्षसांच्या धिंगाण्याला पोचेपर्यंत लागोपाठ तीन जोडपानांवर शब्दाला जागाच उरत नाही. शेवटच्या पानावर उलट: चित्र नाही, फक्त मॅक्सचं जेवण अजून गरम असल्याची बातमी. रागाचं येणं आणि ओसरणं सेंडाक यांनी कोऱ्या जागेनं मोजलंय. मॅक्सला समज देणारं एक वाक्य मात्र कुठेही नाही.

डेव्हिड मॅकी यांचं ‘नॉट नाऊ, बर्नार्ड’ (1980) तर निर्दय आहे. आईबाप कामात, राक्षस पोराला खातो, घरात शिरतो आणि आई त्याच्यापुढेही जेवणाचं ताट ठेवते, न बघता. राक्षसाला राक्षस म्हणून कोणी मोजतच नाही, यासारखी फजिती दुसरी नाही. एड एम्बरली यांनी 1992 मध्ये पानांना भोकं पाडून राक्षसाचा चेहरा एकेक अवयवानं जमवला आणि तसाच पुसला. युक्ती एकच, पण चोख. ‘द ग्रुफेलो’ (1999) मधला उंदीर थाप म्हणून राक्षस रचतो आणि थाप समोर उभी राहते. लेखिका ज्युलिया डोनाल्डसन यांना मुळात वाघ हवा होता. यमक जुळेना म्हणून नवा प्राणी जन्मला.

आणि आता? ॲना येनास यांच्या 2012 सालच्या पुस्तकातला राक्षस आपल्या भावना रंगांनुसार बरण्यांत भरतो. कोलाजचं ते पुस्तक देखणं आहे, याबद्दल वाद नाही. पण या वळणाची पुस्तकं आता फार झालीत. राक्षस चिडतो, खोल श्वास घेतो, शहाणा होतो. हे समुपदेशन झालं. असा राक्षस मुलाच्या बाजूचा राहत नाही, बाईंच्या बाजूला जाऊन बसतो.

मराठीची गोष्ट वेगळी. बावळट राक्षस आपल्याकडे कधीचा आहे, पण रंगमंचावर. कोकणातल्या दशावतारात वेद चोरणारा संकासुर काळ्या पोशाखात, लाल जीभ लोंबवत येतो आणि मालवणीत अशी टोलेबाजी करतो की त्याला बघून आईच्या पदराआड दडलेलं पोर तिथूनच खिदळतं. रत्नाकर मतकरींनी ‘निम्मा शिम्मा राक्षस’ हे नाटक लिहिलं, नावातच राक्षसाची निम्मी हवा काढून घेतली. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. पुस्तकात मात्र आपलं बळ घरात राहिलं. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांनी मराठी घर जसं आहे तसं चितारलं, आणि ती कमाई मोठी आहे. पण त्या घरातल्या पलंगाखाली अजून कोणी नीट वाकून पाहिलेलं नाही.

तेव्हा चित्रकारांना आणि प्रकाशकांना एक विनंती. संकासुराला एकदा बत्तीस पानांत उतरवा, त्याला मालवणीतच बोलू द्या, आणि शेवटच्या पानावर तात्पर्य छापू नका.