छावणीबाहेरचे कॉफीगृह आणि आपला सैनिक

युद्धविरोधी साहित्याची चर्चा आपल्याकडे बहुधा कवितेपाशी सुरू होते आणि कवितेपाशीच संपते. युद्ध वाईट, शांती चांगली, एवढे म्हणून आपण मोकळे होतो. युद्धावर जाणारा माणूस कोणाच्या घरातला असतो, तो गणवेश का चढवितो आणि तो उतरवून कोठे परततो, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. डेव्हिड झायगर यांचा 'सर! नो सर!' हा २००५ सालचा अमेरिकन माहितीपट हे प्रश्न विचारायला भाग पाडतो. म्हणून त्याची दखल घेणे मला अगत्याचे वाटते.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात खुद्द अमेरिकन सैनिकांनी त्या युद्धाला जो नकार दिला, त्याचा हा माहितीपट आहे. लष्करी तुरुंग भोगलेले, पलटण सोडून गेलेले, छावणीत चोरून पत्रके वाटणारे सैनिक त्यात स्वतः बोलतात. या नकाराला आसरा देणारी एक जागा म्हणजे छावणीबाहेरचे कॉफीगृह. फ्रेड गार्डनर आणि डोना मिकलसन यांनी १९६७-६८ च्या सुमारास साउथ कॅरोलिनातील कोलंबिया शहरात, फोर्ट जॅक्सन छावणीजवळ, 'यूएफओ' नावाचे पहिले कॉफीगृह काढले. १९६८ मध्येच टेक्सासमधील किलीन गावी, फोर्ट हूडच्या शेजारी, 'ओलिओ स्ट्रट' उघडले. ओलिओ स्ट्रट म्हणजे हेलिकॉप्टर जमिनीवर टेकताना बसणारा धक्का झेलणारा भाग. नावातच काम सांगितले होते. तेथे दारू मिळत नसे. कॉफी होती, गाण्याच्या तबकड्या होत्या, वाचायला पत्रे होती, हक्कांविषयी सल्ला देणारे लोक होते आणि सैनिकांच्या 'फटीग प्रेस' या पत्राला तेथे आधार होता. झायगर स्वतः तरुणपणी ओलिओ स्ट्रटमध्ये काम करीत होते. त्यामुळे त्यांच्या कॅमेऱ्याला ही माणसे परकी नाहीत, आणि हेच या माहितीपटाचे बळ आहे.

गावच्या हॉटेलात बाहेर वेगळी ठेवलेली कपबशी ज्यांच्या आज्यापणज्यांनी स्वतःच विसळून पुन्हा जागेवर ठेवली, त्यांना कॉफीचा कप ही किरकोळ गोष्ट वाटणार नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागातही ती किरकोळ नव्हती. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर जे घडले, त्याच्याशी या कृतीचे नाते सांगायला नको. त्याच दक्षिणेत 'यूएफओ'मध्ये काळे आणि गोरे सैनिक एका टेबलाशी बसू लागले. १९७० मध्ये हे कॉफीगृह 'सार्वजनिक उपद्रव' ठरवून बंद करण्यात आले, चालकांना सहा-सहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. तळ्याचे पाणी जिथे बाटते, तिथे कॉफीचा उपद्रव व्हावा यात नवल ते काय!

परंतु कॉफीगृहाचा फार गौरव करण्याचेही कारण नाही. ती चालविणारे बहुतांश गोरे, शिकलेले, बाहेरून आलेले तरुण होते. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागो येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनासमोर निदर्शने होणार होती आणि ती मोडण्यासाठी फोर्ट हूडचे सैनिक पाठविले जाणार होते. तेव्हा शंभराहून अधिक काळे सैनिक रात्रभर छावणीच्या आतच एकत्र बसले. आपल्याच लोकांवर आम्ही चालून जायचे काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सकाळी त्यांतील ४३ जणांना अटक झाली. सर्वांत जोखमीचा नकार असा कॉफीगृहाच्या छपराखाली न घडता उघड्यावर, पहाऱ्याच्या आत घडला. माहितीपटात ग्रेग पेटन हा काळा सैनिक सांगतो की व्हिएतनामी माणसाला दिली जाणारी शिवी आणि आपल्याला मिळणारी शिवी एकाच तोंडातून येते, हे त्याला एके दिवशी उमगले. ही जाण कोणी पाजलेली नव्हती. ती त्याच्या जन्मातूनच आली होती.

मनीषनगरात आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी मिळून हा माहितीपट पाहिला. तो संपल्यावर सैन्यभरतीची तयारी करणारा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हे लोक गणवेश फेकायला निघालेत. आम्ही तो मिळावा म्हणून पहाटे चारला उठून धावतो. यांनी आम्हाला काय सांगावं?" हा प्रश्न टाळून या माहितीपटाची समीक्षा करता येणार नाही.

अमेरिकन तरुणावर भरतीची सक्ती होती. तो भरतीचे कार्ड जाळीत होता. आपल्याकडे सक्ती कधी नव्हती. उलट दार बंद होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'लढवय्या जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती थांबविण्यात आली. १८८६ मध्ये निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली आणि १९४२ मध्ये दुसरी आमच्या शेजारच्या कामठीत. ज्यांना गावकीच्या बलुत्यातून सुटायचे होते, त्यांच्यासाठी पलटण ही सुटकेची वाट होती. लष्करी शाळेने रामजी सुभेदारांना शिक्षक केले. पेन्शनीने वलंगकरांना दापोलीत बसून 'विटाळ विध्वंसन' लिहिण्याइतकी स्वस्थता दिली. मला तर वाटते, आपले कॉफीगृह म्हणजे दापोलीची ती पेन्शनरांची वस्तीच होय. छावणीने दिलेली अक्षरे आणि पेन्शन यांतून तेथे विचार उभा राहिला.

म्हणून माहितीपटातील एक उणीव मला जाणवते. सैनिकाची सदसद्विवेकबुद्धी कशी जागी झाली हे तो उत्तम सांगतो. त्याला सैन्यापर्यंत आणणाऱ्या दारिद्र्याकडे अधिक लक्ष जायला हवे होते. १९६६ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनामारा यांनी भरतीचे निकष खाली आणले. त्या योजनेत तीन लाखांवर तरुण घेतले गेले आणि त्यांतील सुमारे ४० टक्के काळे होते. गरिबाला सक्ती असो वा नसो, त्याच्यापुढे वाट एकच असते. आमच्या त्या विद्यार्थ्याचे पहाटेचे धावणे हेच सांगते.

आणि ती वाटही आता आखूड झाली आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेत नोकरी चार वर्षांची आहे. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतात. उरलेल्यांना सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात, पेन्शन नाही. वलंगकरांना लिहिते करणारा आधारच काढून घेतला गेला, तर पंचविशीत परतणाऱ्या तरुणाला कोण झेलणार?

१९७२ मध्ये ओलिओ स्ट्रट बंद झाले आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण अमेरिकेतून पँथरचे नाव घेतले, कवितेचा अंगार घेतला. सैनिकाशी बोलण्याची रीत घ्यायची राहून गेली. छावणीबाहेर बंडाचे दुकान थाटा, असे मला म्हणायचे नाही. सैनिकाला कर्तव्यापासून फितविणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि त्याची किंमत पुन्हा आपल्याच पोरांना मोजावी लागेल. मात्र निवृत्त सैनिक, अग्निवीर, भरतीत नापास झालेला तरुण यांना बसता-बोलता येईल अशी जागा हवी, यात गैर काही नाही. बाबू हरदासांनी कामठीत कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालय चालविले; ते छावणीचेच गाव होते.

आपल्या लेखकांवरही एक काम बाकी आहे. माझ्या वाचनातील आत्मकथनांत पलटणीतला बाप वा आजा येतो तो बहुधा ट्रंक आणि पेन्शन घेऊन. सीमेवर त्याने काय पाहिले, कोणावर गोळी झाडली, पंगतीत त्याच्या शेजारी कोण बसले, हे तो सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारलेले नाही. कोरेगावचा विजयस्तंभ आपल्याला नावे देतो. त्या माणसांचा आवाज देत नाही. जे हयात आहेत त्यांना तरी आता विचारले पाहिजे आणि त्यांचे उत्तर आपल्याला रुचो वा न रुचो, जसेच्या तसे लिहिले पाहिजे.