कर्ण्याची कसोटी : आपत्तिपटांतील ध्वनिचमत्कृती आणि श्रवणाचे स्मरणरंजन

प्रास्ताविक

मराठीतील चित्रपटविषयक स्मरणलेखन विपुल आहे. त्यात गाणी येतात, नटनट्या येतात, तिकिटाच्या खिडकीवरची रेटारेटी आणि मध्यंतरातली भजी येतात. चित्रपटगृहातल्या आवाजाची आठवण मात्र क्वचितच येते. आलीच तर ती चमत्कृतीच्या रूपाने येते : पडद्यावर भूकंप झाला आणि खुर्ची हादरली, नाणे उडाले आणि ते आपल्याच पायाशी पडल्यासारखे वाटले. अशा आठवणींत 'तसा आवाज आता होत नाही' असा सूर हमखास असतो. या स्मरणरंजनाचा प्रस्तुत लेखात चिकित्सक विचार केला आहे. त्यासाठी महानगरातील वातानुकूलित चित्रपटगृहाऐवजी खानदेशातील यात्रेचा तंबू हे निरीक्षणाचे ठिकाण मानले आहे. चमत्कृतीचा ध्वनी जेथे पोहोचूच शकत नव्हता, तेथे आपत्तिपटातून नेमके काय ऐकू आले, हा येथील प्रश्न आहे.

खुर्चीखालचा भूकंप

ध्वनिचमत्कृतीचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९७४ सालचा आहे. मार्क रॉब्सन दिग्दर्शित 'अर्थक्वेक' या चित्रपटासाठी युनिव्हर्सल कंपनीने 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा वापरात आणली. लॉस एंजेलिस शहर भूकंपात उद्ध्वस्त होते आणि शेवटी धरण फुटते, असे त्याचे कथानक आहे. (पानशेत १९६१ साली फुटले आणि कोयनेचा भूकंप १९६७ साली झाला, मराठी माणसाने या कथानकाचे दोन्ही अंक चित्रपटापूर्वीच भोगले होते.) या यंत्रणेचे वैशिष्ट्य असे की भूकंपाचा गडगडाट चित्रफितीवर मुद्रित नसे. फितीच्या ध्वनिपट्टीवर केवळ संकेतस्वर असत. त्यांची खूण मिळताच चित्रपटगृहात बसवलेले यंत्र स्वतःच मंद्र कंपने निर्माण करी आणि पडद्याखाली व प्रेक्षागृहाच्या मागे ठेवलेल्या अवाढव्य ध्वनिक्षेपकांतून ती बाहेर पडत. मानवी कानाला साधारणतः २० हर्ट्झच्या पुढचा नाद ऐकू येतो. यातील काही कंपने त्याहूनही खालची होती. ती ऐकू येण्याऐवजी छातीत आणि खुर्चीत जाणवत. हे क्षेपक मावावेत म्हणून आसने काढावी लागत. हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरमध्ये छताचा गिलावा प्रेक्षकांच्या डोक्यावर पडू नये यासाठी जाळे बांधले होते. प्रेक्षकांच्या शारीरिक वा मानसिक प्रतिक्रियांस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही, अशी सूचना जाहिरातीतच असे. ती सूचना हीच मुख्य जाहिरात होती, हे सांगायला नको.

चित्रपटाला ध्वनीचे ऑस्कर मिळाले. पाठोपाठ 'मिडवे' (१९७६), 'रोलरकोस्टर' (१९७७) आणि 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' (१९७८) आले. तंत्रात काही सुधारणा झाल्या, पण जातकुळी तीच राहिली. भूकंप, लढाऊ विमाने, आनंदमेळ्यातली घसरगाडी आणि अंतराळयुद्ध या सर्वांना एकाच प्रकारची गडगड पुरेशी वाटली, यातच या यंत्रणेची मर्यादा दिसते. ती कोणत्याही घटनेचा स्वतःचा आवाज सांगत नव्हती. 'काहीतरी मोठे घडत आहे' एवढेच शरीराला कळवत होती. पुढे डॉल्बी पद्धती रूढ झाली आणि हा खर्चिक खटाटोप मागे पडला. मंद्र ध्वनीसाठी स्वतंत्र क्षेपक ठेवण्याची कल्पना मात्र आजच्या चित्रपटगृहातच काय, घरातल्या ध्वनिसंचातही टिकून आहे.

रस आणि रसविघ्न

या चमत्कृतीचे मूल्यमापन पाश्चात्त्य समीक्षेत बहुधा 'आकर्षणांचा चित्रपट' या टॉम गनिंग यांच्या संकल्पनेच्या आधारे होते : आरंभीचा चित्रपट कथा सांगण्यापेक्षा काहीतरी दाखवून थक्क करीत होता आणि ती वृत्ती पुढेही अधूनमधून डोके वर काढते. हे विवेचन उपयुक्त आहे. पण 'थक्क करणे' आणि 'भय वाटणे' यांतील भेद त्यातून पुरेसा स्पष्ट होत नाही. तो अभिनवगुप्ताने अधिक काटेकोरपणे केला आहे. लौकिक भय आणि भयानक रस या दोन भिन्न गोष्टी आहेत. भयानक रसाचे उदाहरण म्हणून तो शाकुंतलातील रथापुढे धावणाऱ्या हरिणाचा श्लोक घेतो. तेथे भय आहे, पण ते हरिणाचे नाही, दुष्यन्ताचे नाही आणि प्रेक्षकाचेही नाही. स्थळ, काळ आणि व्यक्ती यांच्या बंधनातून ते सुटलेले आहे. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात अडकला की रसास्वादात विघ्न येते, असे तो बजावतो.

या दृष्टीने पाहता खुर्ची हलवणारा ध्वनी हे शुद्ध रसविघ्न ठरते. लॉस एंजेलिसच्या माणसांचे काय होते याकडे लागलेले लक्ष तो प्रेक्षकाच्या स्वतःच्या बरगड्यांकडे आणि वरच्या छताकडे वळवतो. स्मरणरंजनात नेमके हेच उरते. 'अर्थक्वेक'ची आठवण सांगणाऱ्यास पात्रांची नावे आठवत नाहीत, खुर्ची आठवते. म्हणजे ही आठवण चित्रपटाची नसून एका विशिष्ट दालनात बसलेल्या स्वतःच्या शरीराची आहे. अशी आठवण खोटी नव्हे किंवा हिणकसही नव्हे. मात्र तिला 'त्या काळच्या चित्रपटाचा आवाज' असे सर्वसाधारण नाव दिले जाते, तेव्हा ज्यांना ते दालन कधीच लाभले नाही अशा बहुसंख्य प्रेक्षकांचे कान इतिहासातून वगळले जातात.

तंबूतला कान

मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, येथे महाशिवरात्रीच्या सुमारास चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते. महाराष्ट्रातील यात्रा-जत्रांतून फिरते चित्रपटगृह ही दीर्घकाळ ओळखीची वस्तू होती : मालमोटारीवर चढवलेले प्रक्षेपणयंत्र, बांबू-दोरांवर ताणलेले कापड, मागे धडधडणारे डिझेल जनित्र आणि उंचावर बांधलेले कर्णे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या अनुबोधपटाने हे विश्व त्याच्या अखेरच्या पर्वात टिपले. २०१६ साली कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली.

तंबूच्या श्रवणव्यवस्थेचा विचार केवळ गरिबीच्या अंगाने करणे अपुरे आहे. कर्ण्याची घडण मनुष्याचा आवाज लांबवर पोहोचवण्यासाठी झालेली असते. मंद्र नाद त्याला झेपत नाही आणि अतितार नादही त्यात बोथट होतो. मधला पट्टा मात्र खणखणीत उमटतो. त्या मधल्या पट्ट्यात संवाद असतो, गाणे असते, दाराची कडी आणि लोखंडाची करकर असते. खालच्या पट्ट्यातला भूकंप कर्ण्यातून फार तर खरखरीच्या रूपाने बाहेर पडतो. तंबूत हादरा होताच, पण तो जनित्राचा. वाऱ्याने कापड फडफडले की पडद्यावरचे आकाशही फडफडे. हीसुद्धा रसविघ्नेच होत. फरक एवढाच की कोणी ती तिकिटात मोजून घेत नव्हते, आणि ती ओलांडून चित्रपट प्रेक्षकापर्यंत पोहोचत होता.

येथूनच एक साधी कसोटी हाती लागते : एखाद्या चित्रपटातील आपत्तीचा आवाज कर्ण्यातून पार होतो का? जो होतो तो कथेचा आवाज. जो होत नाही तो दालनाचा.

करकर, टिकटिक आणि प्रार्थना

या कसोटीला 'शोले' (१९७५) कसा उतरतो ते पाहण्यासारखे आहे. सत्तर मिलिमीटरचा पडदा आणि त्रिमितीय ध्वनी ही त्याची मोठी जाहिरात होती. मुंबईच्या मिनर्व्हात नाणे उडाल्यावर प्रेक्षक खुर्चीखाली वाकून पाहत, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. तिचे खरेखोटे बाजूला ठेवले तरी ती दालनाची आठवण आहे, हे उघड आहे. परंतु या चित्रपटातील खरी आपत्ती ठाकूरच्या अंगणात घडते आणि तिचा आवाज अगदी वेगळा आहे. लहान मुलावर रोखलेल्या बंदुकीचा क्षण आगगाडीच्या आवाजात विरतो. ठाकूर घरी येतो तेव्हा अंगणात वारा आहे, प्रेतांवरची वस्त्रे उडत आहेत आणि रिकामा झोपाळा करकरत आहे. झोपाळ्याची ती करकर मिनर्व्हाच्या अनेक क्षेपकांतून जशी अंगावर येते, तशीच तंबूतल्या एका कर्ण्यातूनही येते. मंगेश देसाई यांच्या ध्वनिमिश्रणाचे श्रेष्ठत्व नाण्यात शोधले जाते; ते झोपाळ्यात शोधले जायला हवे.

ही शिस्त मराठी चित्रपटाला नवी नव्हती. 'प्रभात'च्या 'कुंकू'त (१९३७) व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत टाळून केवळ नैसर्गिक ध्वनींवर भिस्त ठेवली. काकासाहेबांच्या घरातले घड्याळ त्यांच्या उतरत्या वयाची आणि नीराच्या कोंडीची एकाच वेळी जाणीव देत राहते. तो आपत्तिपट नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. पण एका तरुण मुलीचे आयुष्य फसवणुकीच्या लग्नात गाडले जाणे ही आपत्ती मानायची नसेल, तर आपत्तीची व्याख्याच तपासावी लागेल.

याउलट रवी चोप्रा यांचा 'द बर्निंग ट्रेन' (१९८०) हिंदीतील सरळसरळ आपत्तिपट. दिल्लीहून मुंबईकडे निघालेली अतिजलद गाडी, निकामी केलेले ब्रेक, स्वयंपाकाच्या डब्यातून पसरणारी आग. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावातील प्रेक्षकाला गाडीचा आवाज शिकवावा लागत नाही. त्यामुळे स्फोट, किंकाळ्या आणि चाकांचा अखंड कल्लोळ यांनी तो फारसा बधला नसेल तर नवल नाही. चित्रपटाचा उत्तरार्ध या कल्लोळाने थकवतो. एकाच पातळीवर दीर्घकाळ चालणाऱ्या गोंगाटाची कानाला सवय होते आणि धोका वाढत असूनही ऐकणाऱ्याला तो वाढल्यासारखा वाटत नाही, हा त्याच्या ध्वनियोजनेतील मूलभूत दोष आहे. त्या सगळ्यातून टिकली ती जळत्या गाडीत शाळकरी मुलांनी म्हटलेली प्रार्थना. ती चित्रपटातून सुटून कित्येक शाळांच्या परिपाठात गेली. कर्ण्याची कसोटी येथेही खरी ठरते.

अंधारातील आपत्ती

स्मरणरंजनाचा मोठा तोटा असा की आपत्ती कशी ऐकू येते याविषयी ते एक ठाम चित्र रुजवते. पडद्यावर आधी भिंत तडकताना दिसते आणि मग गडगडते. चित्र आणि ध्वनी एकमेकांची ग्वाही देतात. महाराष्ट्राच्या दोन मोठ्या भूकंपांत अशी ग्वाही नव्हती. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, दोन्ही धक्के पहाटेच्या अंधारात, माणसे झोपेत असताना बसले. किल्लारीत सुमारे दहा हजार माणसे गेली. तेथे पाहण्यासारखे काही नव्हते. जे कळले ते कानाला आणि अंगाला. त्या भागाला वर्षभर आधीपासून लहान धक्के बसत होते. आवाज येत होता, त्याचा अर्थ लावणारे चित्र नव्हते.

दुसरे उदाहरण जळगाव जिल्ह्यातीलच आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली गेली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान १२ जण मृत्युमुखी पडले. आग नव्हतीच. एका गाडीभर माणसांचा थरकाप उडवायला कोणत्याही यंत्राची गरज लागली नाही, 'आग' हा दोन अक्षरी शब्द पुरला. आणि जो आवाज ऐकून जागचे हलायचे, तो ऐकून हलायला वेळच उरला नाही. जळत्या गाडीच्या चित्रपटात याच्या नेमके उलट आहे. तेथे आग खरी, आवाज प्रचंड आणि प्रेक्षक सुरक्षित. ही सुरक्षितता म्हणजेच चमत्कृतीचा खरा माल होता. खुर्ची हलते, पण छत पडत नाही. जाळे आधीच बांधलेले असते. म्हणूनच त्या हादऱ्याची आठवण इतकी गोड राहते. किल्लारीच्या आठवणीला ती गोडी येणे शक्य नाही.

मराठी चित्रपटसमीक्षा कथा, अभिनय आणि गीते यांत रमली. श्रवणाचा इतिहास तिने तंत्रज्ञांवर सोपवला. तंत्रज्ञांनी स्वाभाविकच यंत्रांचा इतिहास लिहिला. कोणत्या गावात, कोणत्या कर्ण्यातून, कोणत्या गोंगाटात काय ऐकू आले याची नोंद करायला हवी ती यात्रेतल्या तंबूचालकांकडून, प्रक्षेपकांकडून आणि वृद्ध प्रेक्षकांकडून. तंबू झपाट्याने उठत असल्याने या कामाला आता फार अवधी नाही. परिसरातील महाविद्यालयांना ते सहज करता येण्यासारखे आहे.

या नोंदीत मुक्ताईनगरचे स्वतःचे एक पान असेल. विजेच्या कडकडाटात मुक्ताबाई तापीतीरी अंतर्धान पावल्या, असे वारकरी परंपरा सांगते. दरवर्षी वैशाख वद्य दशमीला त्या प्रसंगाचे कीर्तन होते. कीर्तनकार वीज कोसळण्याच्या ओळीपाशी येतो, मृदंग थांबतो, टाळ थांबतात. मंडपातले हजारो कान त्या क्षणी जे ऐकतात, ते कोणत्याही क्षेपकातून आलेले नसते.