'बाह्य घटक' ही संकल्पना आणि विमाननिर्मिती उद्योग : बोइंगच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांमध्ये 'व्यवसाय पर्यावरण' हा विषय दीर्घकाळ शिकविला जात आहे. व्यवसायावर परिणाम करणाऱ्या घटकांची अंतर्गत व बाह्य अशी विभागणी करावयाची, बाह्य घटकांचे राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक, कायदेविषयक असे वर्ग पाडावयाचे आणि हे घटक 'अनियंत्रित' असल्याने व्यवसायाने त्यांच्याशी जुळवून घ्यावे असा निष्कर्ष काढावयाचा, ही त्याची रूढ पद्धती होय. प्रवासी विमानांची निर्मिती हे या मांडणीसाठी अत्यंत सोयीचे उदाहरण ठरते. इंधनाचे दर, चलनाचे विनिमय दर, शासकीय अनुदाने, नियामक संस्था, प्रतिस्पर्धी कंपनी हे सारे घटक तेथे ठळकपणे आढळतात. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील बोइंग कंपनीच्या २०१० नंतरच्या वाटचालीच्या आधारे या मांडणीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. 'बाह्य' म्हणून दाखविल्या जाणाऱ्या अनेक घटकांना कंपनीनेच आकार दिलेला असतो. ही बाब दुर्लक्षित राहिल्यास विश्लेषणातून जबाबदारीचा प्रश्नच वगळला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

इंधन आणि स्पर्धा

जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाचा दर पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत पोहोचला. त्यामुळे इंधनाची बचत हा विमानवाहतूक कंपन्यांच्या दृष्टीने कळीचा मुद्दा बनला. युरोपातील एअरबस कंपनीने डिसेंबर २०१० मध्ये ए-३२० या आपल्या विमानाची नव्या, काटकसरी इंजिनांची 'निओ' आवृत्ती जाहीर केली. जुलै २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ४६० विमानांची मागणी नोंदविली, त्यांपैकी २६० एअरबसकडे. पुढील महिन्यातच बोइंगच्या संचालक मंडळाने १९६७ मध्ये प्रथम उडालेल्या ७३७ या विमानाला नवी इंजिने बसविण्याचा निर्णय घेतला. ७३७ मॅक्स ते हेच.

येथपर्यंत रूढ मांडणी यथार्थ आहे. तेलाचा दर आणि प्रतिस्पर्ध्याची चाल या दोन्ही गोष्टी बोइंगच्या हाती नव्हत्या. परंतु त्यानंतरचे निर्णय कंपनीचे होते. आकाराने मोठी इंजिने पुढे व उंचावर बसवावी लागल्याने विमानाच्या वर्तनात जो फरक पडला, तो झाकण्यासाठी 'एमकॅस' ही संगणकीय प्रणाली योजण्यात आली. ती एका वेळी एकाच संवेदकावर विसंबून होती आणि वैमानिकांच्या माहितीपुस्तिकेत तिचे वर्णन नव्हते. नव्या विमानासाठी सिम्युलेटरवरील प्रशिक्षण लागणार नाही, हा विक्रीचा मुद्दा होता. ते लागल्यास विमानामागे दहा लाख डॉलर देण्याची तरतूद साउथवेस्ट कंपनीशी झालेल्या करारात होती. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरच्या विमानाच्या अपघातात १८९, तर १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानाच्या अपघातात १५७ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. स्पर्धेमुळे घाई झाली असे म्हणता येईल. मात्र माहिती दडविण्याची सक्ती स्पर्धेने केली असे म्हणता येणार नाही.

नियामक संस्था : कितपत बाह्य?

पाठ्यपुस्तकांत शासन व कायदा हे घटक कंपनीवर बाहेरून लादले गेलेले बंधन म्हणून येतात. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने मात्र प्रमाणीकरणाचे बरेचसे काम उत्पादक कंपन्यांच्याच अधिकृत कर्मचाऱ्यांकडे सोपविले होते. अशा प्रकारे काम सोपविण्याची व्याप्ती वाढविणारा कायदा, उद्योगाच्या पाठिंब्याने, ५ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे पहिल्या अपघातापूर्वी अवघे २४ दिवस आधी, संमत झाला. जानेवारी २०२१ मध्ये अडीच अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तडजोड करताना, आपल्या तांत्रिक वैमानिकांनी या संस्थेची दिशाभूल केल्याचे कंपनीने मान्य केले. ज्या पहारेकऱ्याच्या नेमणुकीत व कामात कंपनीचाच हात आहे, त्याला 'बाह्य घटक' कसे म्हणावे?

अनुदानांबाबतही हेच दिसते. बोइंग व एअरबस यांच्या अनुदानांवरून अमेरिका व युरोपीय संघ यांच्यात २००४ पासून जागतिक व्यापार संघटनेत वाद चालला. २०१९ मध्ये अमेरिकेला साडेसात अब्ज डॉलरच्या मालावर आयातशुल्क लावण्याची मुभा मिळाली. पुढील वर्षी युरोपीय संघालाही सुमारे चार अब्ज डॉलरपर्यंत तशी मुभा मिळाली. हे शुल्क राजकीय घटक खरेच. परंतु ज्या सवलतींतून ते उद्भवले, त्या कंपन्यांनीच मागून घेतल्या होत्या.

महामारीची कसोटी

कोविड महामारी हा निर्विवादपणे बाह्य घटक होता. एअरबसने २०१९ मध्ये ८६३ विमाने ग्राहकांच्या स्वाधीन केली होती. २०२० मध्ये ती संख्या ५६६ वर आली. बोइंगची संख्या मात्र २०१८ मधील ८०६ वरून २०१९ मध्येच, म्हणजे महामारीपूर्वीच, ३८० वर घसरली होती. २०२० मध्ये ती १५७ झाली. संकट एकच असताना एक कंपनी आधीच खचलेली होती. २०१३ ते २०१९ या काळात बोइंगने स्वतःचेच समभाग परत विकत घेण्यासाठी सुमारे ४३ अब्ज डॉलर खर्च केले होते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

हा दोष केवळ बोइंगपुरता मर्यादित नाही. २००७ मध्ये एअरबसने दहा हजार नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर केली, तेव्हा घसरलेल्या डॉलरचे कारण पुढे करण्यात आले. विमानांची विक्री डॉलरमध्ये व बराचसा खर्च युरोमध्ये होत असल्याने ते कारण खोटे नव्हते. परंतु ए-३८० विमानाला झालेल्या विलंबाच्या मुळाशी, हॅम्बुर्ग व तुलूझ येथील अभियंते आराखड्यासाठी एकाच संगणकप्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरीत होते, ही घरातलीच बाब होती.

निष्कर्ष

बाह्य घटक नसतातच, असा या विवेचनाचा अर्थ नाही. त्यांची यादी करणे ही विश्लेषणाची सुरुवात आहे. रूढ मांडणी तेथेच थांबते, हा तिचा दोष आहे. प्रत्येक घटकाबाबत तीन प्रश्न विचारणे आवश्यक वाटते. त्याच घटकाचा प्रतिस्पर्ध्यावर काय परिणाम झाला? तो घटक घडविण्यात कंपनीचा वाटा किती? आणि कंपनीच्या प्रतिसादाची किंमत कोणी मोजली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे ३४६ मृत्यू असे आहे. त्या प्रवाशांच्या व कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने कंपनीचे निर्णय हाच खऱ्या अर्थाने अनियंत्रित असा बाह्य घटक होता. उद्या व्यवस्थापक होणाऱ्या विद्यार्थ्याला हा दृष्टिकोन वर्गातच मिळावयास हवा.