दिसत नाहीत, ऐकू येतात

नामदेव मान वर करून झाडांचे शेंडे न्याहाळतोय. मधाचं पोळं कुठे लागलंय ते शोधतोय. जंगलावर कसं जगायचं हे त्याला बापाने शिकवलेलं. भीमाशंकरच्या जंगलातलं कोंढवळ गाव, उन्हाळ्यातली दुपार, वारा. आणि मग कुठून तरी बायकांचे आवाज यायला लागतात. हळू, कानाशी बोलल्यासारखे. हातून निसटलेल्या प्रेमाबद्दल त्या बोलतायत. कोण बोलतंय हे बघायला आपण पडद्यावर शोधाशोध करतो, तर तिथे झाडं आहेत, जमिनीतून निघणारा धूर आहे, ओस पडलेली दुपार आहे. बाई नाही. ती शेवटपर्यंत येत नाही.

‘अँड व्हॉट इज द समर सेयिंग’ ही पायल कपाडियाची २०१८ सालची, २३ मिनिटांची मराठीतली फिल्म. बर्लिनला दाखवली गेली, अ‍ॅमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवातही गाजली. २०२४ मध्ये ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, आणि त्यानंतर कपाडियाबद्दल भरपूर लिहून आलं. त्यात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या वर्षांतल्या या छोट्या फिल्म्सना बहुतेक वेळा एक ओळ मिळते: ‘याआधी तिने काही लघुपट केले आहेत.’ मला ती ओळ फार अपुरी वाटते. तिच्या मोठ्या फिल्ममध्ये जे चांगलं आहे, त्यातलं बरंचसं आधी इथे होऊन गेलंय. आणि एक गोष्ट तर इथे जास्त धीटपणे झालीय.

ती गोष्ट म्हणजे चेहरा आणि आवाज यांची फारकत.

फोनवर शूट करणाऱ्या आपल्या पिढीला हे थोडं सांगावं लागेल. फोनमध्ये चित्र आणि आवाज जन्मतःच एकमेकांना चिकटून येतात. बोलणारा माणूस दिसतो, आणि जो दिसतो तोच बोलत असतो. पण फिल्मच्या कॅमेऱ्याला कान नसतात. तो फक्त चित्र घेतो. आवाज वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या माणसाने, वेगळ्या जागी उभं राहून रेकॉर्ड करायचा असतो. शॉटच्या सुरुवातीला जो क्लॅप वाजवतात तो रुबाबासाठी नसतो. फळी मिटलेली दिसते ती फ्रेम आणि ‘टक्’ ऐकू येतं तो क्षण, हे दोन एडिटिंगच्या टेबलावर जुळवता यावेत म्हणून तो असतो. म्हणजे चित्र आणि आवाज हे मुळात दोन. ते एकत्र आणायचे की नाही, हे कुणीतरी ठरवायचं असतं.

पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये तर दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी हे विभागच वेगवेगळे. या चारही विभागांतली मुलं एकत्र येऊन फिल्म करतात. तिथे शॉट घेतल्यावर साउंडवाला सगळ्यांना गप्प बसवतो आणि नुसत्या रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करतो. त्याला रूम टोन म्हणतात. खोलीत कुणी बोलत नसतानाही खोलीला स्वतःचा आवाज असतो, हे या मुलांना फार लवकर कळतं. कपाडियाच्या फिल्म्स बघताना वाटतं की हा धडा तिने तंत्राचा म्हणून बाजूला ठेवला नाही, मनावर घेतला. बाकीचे लोक चित्र आणि आवाज जुळवायला शिकतात. ती ते कधी जुळवायचे नाहीत हे शिकली.

तिची २०१७ ची १३ मिनिटांची ‘आफ्टरनून क्लाउड्स’ कानच्या विद्यार्थी विभागात निवडली गेली होती. साठीची एक विधवा काकी आणि तिच्याकडे कामाला असलेली नेपाळहून आलेली मालती. घर एक, दुपार एक, आणि दोनच दिवस टिकणारं एक फूल. काकीचं काम उषा नाईक यांनी केलंय. मराठी प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर त्यांचा एक ठसका असतो. इथे तो पूर्ण उतरवून ठेवलेला. काकीचा नवरा गेलाय. मालतीला तिच्या गावाकडचा मुलगा अवचित भेटतो. दोघींच्या आयुष्यातला पुरुष जवळ नाही आणि दोघी एकाच घरात आहेत, पण एकीने दुसरीला ते सांगायची सोय नाही, कारण एक मालकीण आहे आणि एक मोलकरीण. पुढे ‘ऑल वी इमॅजिन’मध्ये परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी प्रभा आणि तिच्याबरोबर राहणारी अनु येतात, त्यांचं बी इथलं आहे. फिल्म छान आहे, पण जरा जास्तच नाजूक. फुलाकडे इतका वेळ बघितलं की मालकीण-मोलकरणीतलं अंतर मवाळ वाटायला लागतं.

कपाडिया ही चित्रकार नलिनी मलानी यांची मुलगी, हे सगळीकडे लिहिलं जातं. त्यातलं एकच मला इथे कामाचं वाटतं. जे.जे.मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मलानींनी १९६९ मध्ये, अकबर पदमसींनी मुंबईत उभारलेल्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये, घरांचं एक मॉडेल करून ते फ्रेम-फ्रेमने शूट केलं होतं. ‘ड्रीम हाउसेस’. रंगीत, आशेने भरलेलं, नव्या देशातल्या नव्या घरांचं. काही वर्षांनी त्याच्या शेजारी त्यांनी दुसरी, कृष्णधवल फिल्म ठेवली. तीत एक तरुणी मुंबईच्या वस्तीकडे बघतेय. या जोडीचं नाव ‘युटोपिया’. दोन चित्रं शेजारी ठेवून त्यांच्यातल्या फटीत अर्थ सोडायचा, ही आईची रीत. मुलगी तेच चित्र आणि आवाज यांच्यात करते. पण वारसा म्हटलं की मेहनत झाकली जाते, म्हणून हे इतकंच.

परत कोंढवळला येऊ. बायकांना न दाखवण्याचं सरळ कारण कुणीही सांगेल: त्यांची ओळख लपावी. मला ते पटत नाही. इतक्या लहान गावात आवाजावरून माणूस ओळखू येत नाही असं होईल का? अंधारात कुणी खोकलं तरी कोण ते कळतं. गावापासून या बायका लपलेल्या नाहीतच. त्या लपल्यात आपल्यापासून. बर्लिनमध्ये तिकीट काढून बसलेल्या माणसापासून, आणि पुण्या-मुंबईच्या तुमच्या-माझ्यापासून. चेहरा दिसला असता तर आपण काय केलं असतं? साडी बघितली असती, कपाळ बघितलं असतं, मागची भिंत सारवलेली आहे का सिमेंटची ते बघितलं असतं. आणि ती तोंड उघडायच्या आत ‘डोंगरातली गरीब बाई’ असा शिक्का मारून मोकळे झालो असतो. मग ती प्रेमाबद्दल बोलली असती तरी आपण ते गरिबीबद्दलच ऐकलं असतं. चेहरा काढून घेतल्यावर हा सगळा पसाराच जातो. उरते एक बाई, जिचं कुणावर तरी मन होतं.

इथे मराठी ऐकणाऱ्याला एक जास्तीची गोष्ट मिळते. सबटायटल वाचणाऱ्याला वाक्याचा अर्थ मिळतो. आपल्याला वाक्याआधीचा थांबा मिळतो, बोलीचा हेल मिळतो, आवाज खाली कुठे आला ते कळतं. ही फिल्म जगभर फिरली तरी पुरती ऐकू आली असेल ती मराठी कानांनाच. आणि आपल्याकडे तिच्याबद्दल किती कमी बोललं गेलंय! (सापडली तर इअरफोन लावून बघा. फोनच्या स्पीकरवर ती अर्धी मरते.)

पण एक गोष्ट खटकते. नामदेवला नाव आहे, शरीर आहे, काम आहे, बापाकडून आलेली विद्या आहे. बायकांना यातलं काहीच नाही. त्या वारा आणि धुराच्या रांगेत जाऊन बसतात, जंगलाचाच एक आवाज होतात. बाई म्हणजे निसर्ग, पुरुष म्हणजे काम करणारा माणूस, ही फार जुनी वाटणी आहे. ज्या युक्तीने त्यांना आपल्या नजरेतून सोडवलं, तीच युक्ती त्यांचं रोजचं जगणंही पुसून टाकते. पाणी कोण आणतं, चूल कोण पेटवतं? फिल्मला याचं उत्तर द्यायचं नाही, आणि तिने ते द्यायलाच हवं असंही नाही. तरी तिसऱ्यांदा बघताना मला ते टोचलं.

२०२१ ची ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ हीच पद्धत घेऊन थेट इन्स्टिट्यूटच्या आवारात येते. १२ जून २०१५ ला तिथे संप सुरू झाला, गजेंद्र चौहान यांच्या अध्यक्षपदावरच्या नेमणुकीविरुद्ध. तो १३९ दिवस चालला. मध्यरात्री पोलीस आत आले, पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. पुढे जवळपास ३५ जणांवर आरोपपत्र दाखल झालं, त्यात कपाडियाही होती, आणि २०२४ मध्ये कानच्या टाळ्या वाजत होत्या तेव्हाही तो खटला संपलेला नव्हता. या सगळ्या काळात मित्रमंडळींनी शूट केलेलं, साठवलेलं फुटेज तिने आणि रणबीर दास याने एकत्र केलं. आणि त्यावर एक आवाज ठेवला. ‘एल’ नावाची मुलगी आपल्या दुरावलेल्या प्रियकराला, ‘के’ला, पत्रं लिहितेय. मुलं नाचताना दिसतात, पण त्यांच्या नाचाचं गाणं आपल्यापर्यंत येत नाही. येतो तो एलचा आवाज.

‘के’ संपात घोषणा देत होता. घरी गेल्यावर मुलीच्या जातीवरून आईबापांनी अडवलं, आणि तिथे त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. गेटवर सरकारशी भांडणं सोपं होतं, स्वयंपाकघरात अवघड. विद्यार्थी चळवळीवरच्या फिल्म्समध्ये ही गोष्ट क्वचित येते. कान महोत्सवात सर्वोत्तम माहितीपटाचा मान या फिल्मला मिळाला, तो रास्तच होता.

मात्र एल कल्पित आहे. कोंढवळच्या आवाजामागे बाया होत्या. इथे आवाजामागे संहिता आहे. कल्पित असण्याला माझी हरकत नाही, पण एलला गाव नाही, जातीचं नाव नाही, घरचं कुणी नाही. जो घाव अगदी नेमका असतो तो इथे धूसर कुजबुजीत ठेवलाय, आणि फिल्म पुढे सरकते तशी ती पत्रं प्रेमाची कमी आणि बातम्यांची जास्त होत जातात. चेहरा न दाखवणं वेगळं, आणि माणूसच पुरता न घडवणं वेगळं.

तरी या फिल्ममधला एक तुकडा मी विसरू शकत नाही. १५ डिसेंबर २०१९, दिल्लीतलं जामिया मिलिया, लायब्ररीतल्या सीसीटीव्हीचं फुटेज. पोलीस आत शिरतात, लाठ्या पडतात, मुलं बाकांखाली लपतात. या फुटेजला आवाज नाही. इतका वेळ आपण चेहऱ्याशिवाय आवाज ऐकत होतो, आता आवाजाशिवाय माणसं बघतोय. पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्याला फक्त डोळे असतात. समोरचा काय म्हणतोय हे ऐकण्यासाठी तो लावलेलाच नसतो. यावर निवेदनात एकही स्पष्टीकरण नसतं तरी चाललं असतं, इतकं ते स्वच्छ आहे.

‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ची सुरुवात आठवा. रात्रीची मुंबई, बाजार, गाड्या, आणि त्यावर शहरात पोट भरायला आलेल्यांचे आवाज, निरनिराळ्या भाषांतले. कोण बोलतंय ते दिसत नाही. मग काही मिनिटांत कथा सुरू होते, आवाजांना नट मिळतात, आणि छाया कदमची पार्वती, जिच्याकडे स्वतःच्या घराचे कागदच नाहीत, ती तर चेहऱ्यासकट, रागासकट समोर उभी राहते. कोंढवळमध्ये बायकांना जे मिळालं नव्हतं ते तिला मिळालं, आणि छाया कदमने ते पुरेपूर वापरलं. पण त्या पहिल्या काही मिनिटांनी मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं होतं. तिथून पुढची फिल्म सुंदर आहे. ती २३ मिनिटांची मात्र अजून माझ्या कानात आहे.